आधी शस्त्र, मग वाहन
जुन्या क्षेपणास्त्रांवरून उपग्रह सोडण्याच्या व्यवहाराचा आणि वादाचा आढावा

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे एकामागे एक, रांगेने सरकत गेले. वऱ्हाडात लोक गच्चीवर, अंगणात मान वर करून उभे राहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणाला विमान पडतेय असे वाटले. आमच्या संत्रापट्ट्यातल्या चांदूर बाजारहून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचे गाव आहे. तिथे त्या रात्री तीनेक मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. अवकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या अभ्यासकांनी माग काढला, तो चीनच्या 'लाँग मार्च ३बी' या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेला. हा अग्निबाण फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता.

या अग्निबाणाचे घराणे पाहण्यासारखे आहे. त्याचे खालचे टप्पे ज्या वंशातले, त्याचा मूळपुरुष 'डीएफ-५' हे चीनचे आंतरखंडीय क्षेपणास्त्र. लाडबोरीत पडलेला भाग मात्र त्या क्षेपणास्त्राचा नव्हे; द्रव हायड्रोजनवर चालणारा तो टप्पा खास उपग्रहांसाठी घडवला गेला. पण त्या निमित्ताने एक जुना प्रश्न आपल्या शिवारापर्यंत येऊन पोचला. शहरावर अणुबाँब टाकण्यासाठी बांधलेले वाहन उपग्रह नेण्यासाठी, आणि तेही भाडे घेऊन, वापरावे का? वापरले तर नफा कोणाचा आणि जोखीम कोणाची? गेली तीसेक वर्षे चाललेल्या या चर्चेची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न.

नेमके कशाबद्दल बोलतो आहोत

'क्षेपणास्त्रावरून उपग्रह' या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट वंशाची. क्षेपणास्त्राच्या आराखड्यावरून नवा अग्निबाण बांधायचा. यंत्र नवे, आराखडा जुना. दुसरी गोष्ट थेट रूपांतराची. लष्करी कोठारात वर्षानुवर्षे उभे असलेले क्षेपणास्त्र काढायचे, वरची अण्वस्त्रे उतरवायची, तिथे उपग्रह बसवायचे आणि तेच यंत्र उडवायचे. तिसरा प्रकार मिश्र. क्षेपणास्त्राचे खालचे काही टप्पे घ्यायचे आणि वर नवे टप्पे जोडायचे.

पहिल्या प्रकाराबद्दल आता कोणी फारसे भांडत नाही, कारण तो धरला तर अवकाशयुगाचा जवळजवळ सगळा इतिहासच त्यात येतो. वाद आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराबद्दल. तिथे सरकारी पैशाने बांधलेली, वापराविना उरलेली वस्तू बाजारात उतरते.

पार्श्वभूमी: घराणे एकच

४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक कक्षेत गेला तो 'आर-७' या सोव्हिएत क्षेपणास्त्राच्या बळावर. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ जानेवारी १९५८ च्या अखेरीस ज्या अग्निबाणावरून गेला, त्याचा पाया 'रेडस्टोन' क्षेपणास्त्राचा होता. १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांना पृथ्वीभोवती फिरवून आणणारे 'अ‍ॅटलास' मूळचे आंतरखंडीय क्षेपणास्त्रच, आणि 'थॉर'पासून पुढे डेल्टा मालिका निघाली. त्या काळात एकच यंत्र दोन्ही कामांसाठी बनत होते. टोकावर काय बसवायचे, एवढाच फरक.

रूपांतर हा वेगळा विषय झाला तो क्षेपणास्त्रे निवृत्त व्हायला लागल्यावर. अमेरिकेने निवृत्त 'टायटन-२' क्षेपणास्त्रांपैकी चौदा उपग्रहांसाठी तयार केली. त्यातले पहिले १९८८ मध्ये उडाले. १९९४ मध्ये चंद्राकडे गेलेले 'क्लेमेंटाइन' यान याच मालिकेतून गेले आणि २००३ मध्ये ही मालिका संपली. ही सगळी उड्डाणे सरकारी कामांची होती. भाडे घेऊन परक्याचा उपग्रह नेणे त्यात नव्हते.

करार झाले, कोठारे उघडली

३१ जुलै १९९१ ला अमेरिका आणि सोव्हिएत संघाने 'स्टार्ट' करारावर सह्या केल्या. तो अमलात आला डिसेंबर १९९४ मध्ये. सोव्हिएत संघाकडे 'आर-३६' वर्गाची ३०८ अवजड क्षेपणास्त्रे होती. पाश्चात्त्य लष्करी भाषेत हाच तो 'सेटन'. करारानुसार ही संख्या निम्म्यावर, म्हणजे १५४ वर आणायची होती. उरलेल्यांचे करायचे काय? कापून टाकायची तर खर्च, ठेवायची तर राखणीचा खर्च. इंधन विषारी, धातू मौल्यवान, आणि बनवणारे कारखाने कामाविना बसलेले. कराराने वाट मोकळी ठेवली होती. अशा क्षेपणास्त्रावरून उपग्रह सोडता येईल, मात्र ते कराराच्या मोजणीत राहील आणि सोडण्याच्या जागांवर बंधने असतील.

रशिया-युक्रेनच्या बाजूने तीन-चार व्यवहार उभे राहिले. 'आर-३६' पासून 'नीपर' अग्निबाण झाला. तो 'कॉस्मोट्रास' ही रशिया, युक्रेन आणि कझाकस्तान यांची संयुक्त कंपनी विकत असे, आणि मूळ आराखडा युक्रेनमधल्या नीप्रोपेत्रोव्स्कच्या 'युझ्नोये' संस्थेचा होता. 'यूआर-१००एन' क्षेपणास्त्राचा 'रॉकोट' झाला. त्याच्या विक्रीसाठी जर्मन भागीदारीतून 'युरोकोट' कंपनी निघाली. ट्रकवरून फिरणाऱ्या 'टोपोल'पासून 'स्टार्ट-१' झाला. त्याने इस्रायलचे इरॉस-ए (२०००) आणि इरॉस-बी (२००६) हे पाहणी उपग्रह नेले. पाणबुडीतूनही एक प्रयोग झाला. ७ जुलै १९९८ ला बॅरेंट्स समुद्रात 'नोवोमोस्कोव्स्क' पाणबुडीने बर्लिनच्या तंत्रविद्यापीठाचे दोन छोटे उपग्रह क्षेपणास्त्रावरून कक्षेत नेले.

अमेरिकेने उलटा रस्ता धरला. १९९८ च्या व्यावसायिक अवकाश कायद्याने जुन्या क्षेपणास्त्रांचे भाग खाजगी बाजारात विकण्यावर बंदी घातली. सरकारी मोहिमांसाठी ते वापरता येतील, पण त्यात खरोखर बचत आहे हे संसदेपुढे दाखवावे लागेल, अशी अट ठेवली. त्या चौकटीत 'मिनोटॉर' मालिका आली: मिनोटॉर-१ मध्ये 'मिनटमन-२' चे दोन टप्पे, मिनोटॉर-४ मध्ये 'पीसकीपर' चे तीन. पहिला मिनोटॉर जानेवारी २००० मध्ये उडाला. २०१३ मध्ये 'लॅडी' हे चांद्रयान मिनोटॉर-५ वरून गेले.

थोडक्यात, रशियाच्या बाजूने क्षेपणास्त्र बाजारात आले आणि अमेरिकेच्या बाजूने ते सरकारी दावणीलाच राहिले. पुढची चर्चा या फरकातूनच आली आहे.

जमिनीतून उसळणारा अग्निबाण

नीपरचे उड्डाण नेहमीच्या उड्डाणासारखे दिसत नाही. श्रीहरिकोटाला अग्निबाण मनोऱ्याला टेकून उभा असतो आणि पायाखाली ज्वाळा उठतात. नीपर उभा असतो जमिनीखालच्या खोल काँक्रीटच्या नळीत. चौतीस मीटर उंच, तीन मीटर रुंद, दोनशे टनांहून जड. वरचे झाकण सरकते. अग्निबाणाखालच्या स्फोटक वायूचा दाब वाढतो आणि तो अख्खा डोलारा बंदुकीच्या गोळीसारखा नळीबाहेर फेकला जातो. इंजिन अजून पेटलेले नसते. क्षणभर तो हवेत लटकल्यासारखा दिसतो, बुडाखालची थाळी बाजूला फेकली जाते आणि मग पहिला टप्पा पेटतो. शत्रूचा हल्ला होत असताना सुटता यावे म्हणून केलेली ही रचना. उपग्रहासाठी तिची काही गरज नाही. पण यंत्र बदलायचे नसेल तर सवयही तीच राहते.

शेवटच्या टप्प्याची अडचण याहून मोठी. क्षेपणास्त्राचा तो टप्पा ओझे सोडत सोडत लक्ष्यापासून दूर सरकण्यासाठी घडवलेला. उपग्रहाला मात्र हळुवार सोडायला हवे आणि इंजिनाची झळ त्याला लागता कामा नये. म्हणून उपग्रहांसाठी संरक्षक आवरण बसवावे लागले. रूपांतर म्हणजे नुसते टोक बदलणे नव्हे, जुन्या यंत्राच्या प्रत्येक सवयीशी तडजोड करणे, हे इथे कळते.

नीपरने २१ एप्रिल १९९९ पासून २५ मार्च २०१५ पर्यंत २२ उड्डाणे केली. त्यातले एक फसले. सुरुवातीला ती कझाकस्तानमधल्या बैकानूरहून होत, २००६ पासून काही रशियातल्या यास्नी तळावरून.

त्यावरून काय काय गेले

या उड्डाणांतून नेमके कोणते उपग्रह गेले, हे पाहिले की विषय संत्र्याच्या बागेपर्यंत येतो.

२९ ऑगस्ट २००८ ला एका नीपरवरून 'रॅपिडआय' कंपनीचे पाच उपग्रह गेले. जर्मनीतली ही कंपनी शेतीची पाहणी आणि पीक विमा डोळ्यांपुढे ठेवूनच निघाली होती. लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा 'रेड एज' पट्टा टिपणारे हे पहिल्या व्यावसायिक उपग्रहांपैकी होते. झाड वरून हिरवे दिसत असले तरी पानातले हरितद्रव्य घटले की त्या पट्ट्यात ते उमटते. आमच्या भागात बहार धरताना ताण द्यायचा, मग पाणी सोडायचे, आणि आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की नजर पानांच्या रंगावर. जे काम बागाईतदार डोळ्यांनी करतो, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती. हे पाचही उपग्रह २०२० पर्यंत काम करत राहिले. पुढे ही कंपनी 'प्लॅनेट' कडे गेली. प्लॅनेटचेही अकरा छोटे 'डव्ह' उपग्रह जून २०१४ मध्ये नीपरवरूनच गेले होते. त्या एका उड्डाणात तीसहून अधिक उपग्रह होते. आज पीक विम्यात उपग्रहांच्या प्रतिमांचा आधार घेण्याची पद्धत भारतातही रुजते आहे. तिच्या मागच्या पिढीची काही मुळे अशी जुन्या अण्वस्त्रवाहू यंत्रांत सापडतात.

दुसरे उदाहरण पाण्याचे. १७ मार्च २००२ ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून रॉकोटवरून अमेरिका-जर्मनीचे 'ग्रेस' हे जुळे उपग्रह गेले. एकापाठी एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून ते फिरत आणि आपसातले अंतर सूक्ष्मपणे मोजत. खाली वस्तुमान जास्त असेल तर पुढचा किंचित ओढला जाई. त्या फरकावरून जमिनीखालचे पाणी किती घटले हे काढता आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या पट्ट्यातले २००२ ते २००८ या काळातले भूजल सुमारे १०९ घन किलोमीटरने घटल्याचे दाखवले. बोअर किती फुटांवर गेला हे पारावर सांगणाऱ्या आमच्या संत्रापट्ट्याला या मोजणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

युरोपच्या अवकाश संस्थेने रॉकोट बराच वापरला: २००९ मध्ये 'गोसे' आणि 'स्मॉस', २०१३ मध्ये 'स्वॉर्म', २०१६ आणि २०१८ मध्ये 'सेंटिनेल-३' ची जोडी, आणि २०१७ मध्ये हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड नि मिथेन मोजणारा 'सेंटिनेल-५पी'. सगळे सुरळीत झाले असे नाही. बर्फ मोजणारा 'क्रायोसॅट' ऑक्टोबर २००५ मध्ये रॉकोटबरोबरच गेला, म्हणजे बुडाला. त्याची दुसरी आवृत्ती एप्रिल २०१० मध्ये नीपरने पोचवली.

चार भूमिका

या व्यवहाराकडे पाहण्याच्या मुख्य भूमिका चार. प्रत्येकीच्या बाजूने ठोस आधार आहे.

*पहिली: वाया का घालवायचे?* जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी, असा या भूमिकेचा सूर. क्षेपणास्त्र बांधण्याचा खर्च केव्हाच होऊन गेला आहे. नष्ट करायचे तर पुन्हा खर्च. त्यापेक्षा शस्त्र कमी होते, विज्ञानाला स्वस्त वाहन मिळते आणि विद्यापीठांच्या छोट्या उपग्रहांना जागा मिळते. शिवाय लष्करी यंत्र असंख्य चाचण्यांतून गेलेले असते, म्हणून भरवशाचे. नीपरच्या २२ पैकी २१ यशस्वी उड्डाणांचा दाखला इथे दिला जातो. अमेरिकेत २०१६ च्या सुमारास 'ऑर्बिटल एटीके' कंपनीने हीच भूमिका घेऊन बंदी उठवण्याची मागणी केली. अमेरिकी उपग्रह परदेशी अग्निबाणांवर जात आहेत, मग घरचे टप्पे कोठारात का सडवायचे, असा तिचा प्रश्न.

*दुसरी: नव्या धंद्याचा गळा आवळू नका.* करदात्याच्या पैशाने बांधलेले टप्पे पाण्याच्या भावाने बाजारात आले, तर छोटे अग्निबाण नव्याने घडवू पाहणाऱ्या कंपन्यांना गुंतवणूक कोण देईल? नव्या कंपन्यांनी या मुद्द्यावर बंदी उठवायला विरोध केला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये हा प्रश्न तपासला. त्यांच्या मांडणीप्रमाणे सगळा वाद विक्रीच्या किमतीभोवती फिरतो. सरकारला तोटा होऊ नये असे धरले, तर पीसकीपरच्या तीन टप्प्यांचा संच सुमारे ८४ लाख डॉलरना आणि मिनटमन-२ च्या दोन टप्प्यांचा संच सुमारे ४० लाख डॉलरना विकावा लागेल. किंमत कमी ठेवली तर सरकारी कोठार लवकर रिकामे होते, पण नव्या कंपन्यांना जास्त फटका बसतो. जास्त ठेवली तर घेणाराच मिळत नाही. बंदी अजून कायम आहे.

*तिसरी: गैरसमज आणि प्रसार यांची भीती.* क्षेपणास्त्र आणि उपग्रहवाहक यांचे तंत्र इतके जवळचे की एकाच्या नावाखाली दुसरे शिकता येते. एप्रिल १९८७ मध्ये झालेली क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, म्हणजे 'एमटीसीआर', याच भीतीतून आली. रूपांतरित क्षेपणास्त्राचा बाजार चालला तर त्याचे सुटे भाग, कारागीर आणि आराखडेही फिरतील, असे या बाजूचे म्हणणे. शिवाय लष्करी तळावरून उडणारी वस्तू दुरून कशी दिसते, हाही प्रश्न आहे. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक शास्त्रीय अग्निबाण उडाला. नॉर्वेने आधी कळवले होते, पण निरोप रशियन रडार केंद्रापर्यंत पोचला नाही आणि काही मिनिटे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. तो अग्निबाण आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे रूपांतर नव्हता. तरीही रडारच्या पडद्यावर ठिपका नेमका कशाचा, याची घालमेल त्याने दाखवून दिली. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की करारबद्ध, पूर्वसूचना दिलेली आणि पाहणीखालची उड्डाणेच उलट विश्वास वाढवतात. कोठारात गुपचूप उभे राहिलेले क्षेपणास्त्र जास्त धोक्याचे.

*चौथी: पडते ते कोणाच्या शिवारात?* नीपर आणि रॉकोट दोन्हींचे इंधन 'हेप्टिल', रसायनशास्त्राच्या भाषेत असममित डायमिथाइल हायड्रॅझिन, आणि सोबत नायट्रोजन टेट्रॉक्साइड. ही जोडी साध्या तापमानाला वर्षानुवर्षे टाकीत भरून ठेवता येते, म्हणून लष्कराला सोयीची. पण दोन्ही जहाल विषारी. २६ जुलै २००६ ला बैकानूरहून उडालेला नीपर सव्वा मिनिटाच्या आत भरकटला आणि अठरा उपग्रहांसह तळापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात कोसळला. मोठा खड्डा पडला, इंधन मातीत मुरले. कझाकस्तानने नीपरची उड्डाणे काही काळ थांबवली आणि रशियाकडून भरपाई घेतली. रॉकोटच्या बाबतीत तक्रार कॅनडा-ग्रीनलंडमधून आली. त्याचा वापरून झालेला टप्पा ठरल्याप्रमाणे बॅफिनच्या उपसागराच्या परिसरात पडे. तिथल्या बारमाही उघड्या पाण्यावर सील, व्हेल आणि त्यांच्यावर जगणारे इन्युइट लोक अवलंबून आहेत. २०१६ आणि २०१७ मध्ये इन्युइट प्रतिनिधींनी उघडपणे आक्षेप घेतला. आयोजकांचे म्हणणे, टप्प्यात उरलेले थोडे इंधन खाली येताना जळून जाते. इन्युइटांचे म्हणणे, आम्हाला विचारले कोणी?

भारत: उलट दिशेचा प्रवास

भारतात क्षेपणास्त्राचा उपग्रहवाहक झालेला नाही. प्रवास उलटा झाला. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर; घन इंधनाचे काम त्यांच्याच हाताखाली वाढले. एसएलव्हीचे प्रकल्प संचालक अब्दुल कलाम १९८२ मध्ये संरक्षण संशोधनाकडे गेले, आणि २२ मे १९८९ ला चांदीपूरहून उडालेल्या पहिल्या 'अग्नी'चा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्या घन इंधन टप्प्यावर बेतलेला होता. मे १९९२ मध्ये अमेरिकेने रशियन क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोघांवर निर्बंध लादले, त्यामागे उपग्रहाचे तंत्र असे क्षेपणास्त्राकडे वळेल हीच शंका होती. त्यावर भारताचे म्हणणे असे की अतिथंड द्रव इंधन क्षेपणास्त्राच्या कामाचे नाही. जून २०१६ मध्ये भारत 'एमटीसीआर'चा सदस्य झाला आणि या प्रकरणावर औपचारिक पडदा पडला.

महाराष्ट्रात ही दोन घरे अगदी भिंतीला भिंत लावून आहेत. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या घन इंधन टप्प्याची आवरणे बनतात आणि संरक्षणाची कामेही होतात. नागपूरची सोलार इंडस्ट्रीज लष्करासाठी पिनाकाचे अग्निबाण बनवते. त्याच कंपनीच्या नागपुरातल्या चाचणी केंद्रात हैदराबादच्या 'स्कायरूट' या खाजगी कंपनीने उपग्रहवाहकाचे घन इंधन इंजिन पेटवून पाहिले, डिसेंबर २०२० मध्ये छोटे 'कलाम-५' आणि मे २०२२ मध्ये मोठे 'कलाम-१००'. अमरावतीजवळ नांदगाव पेठला भारत डायनॅमिक्सच्या क्षेपणास्त्र कारखान्यासाठी जागा आहे. म्हणजे भारतात जुन्या क्षेपणास्त्राची विक्री हा प्रश्न नाही. एकाच कारागिराच्या हातून दोन्ही वस्तू बनतात, हा आहे.

किमतीच्या वादात भारत एकदा आरोपीच्या जागीही उभा राहिला. पीएसएलव्हीचे भाडे सरकारी आधारामुळे कमी आहे, अशी तक्रार करून २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या उद्योग सल्लागार समितीने अमेरिकी व्यावसायिक उपग्रह भारतीय अग्निबाणांवर जाऊ देऊ नयेत असे सुचवले. जुन्या क्षेपणास्त्रांविरुद्धचा युक्तिवाद आणि हा युक्तिवाद एकाच साच्यातले. प्रत्यक्षात परवानगी मिळत राहिली. २२ जून २०१६ च्या पीएसएलव्ही-सी३४ वरून प्लॅनेटचे बारा डव्ह गेले, आणि त्यांच्याच सोबत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला एक किलो वजनाचा 'स्वयम्'.

सध्याची स्थिती

बाजार जवळजवळ थांबला आहे. तो वादाने नव्हे, तर युद्धाने आणि किमतीने थांबवला.

२०१४ मध्ये क्रिमियाचा घास घेतल्यानंतर रशिया-युक्रेनचे औद्योगिक नाते तुटले. नीपर युक्रेनच्या देखभालीशिवाय उडू शकत नव्हता. मार्च २०१५ नंतर तो उडाला नाही. रॉकोटची नियंत्रण यंत्रणाही युक्रेनमधली होती. डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे शेवटचे उड्डाण झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर रशियन अग्निबाणांचा पाश्चात्त्य बाजारच बंद पडला. ब्रिटनच्या 'वनवेब'चे उपग्रह रशियाऐवजी ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या एलव्हीएम-३ ने नेले, प्रत्येकी छत्तीस.

दुसरा धक्का स्वस्ताईचा. 'स्पेसएक्स'ने २०१९ मध्ये सामायिक उड्डाणात दोनशे किलोपर्यंतच्या उपग्रहासाठी दहा लाख डॉलरचा दर जाहीर केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये एकाच वेळी १४३ उपग्रह नेऊन २०१७ चा पीएसएलव्हीचा १०४ चा विक्रम मोडला. 'फुकट' मिळालेल्या क्षेपणास्त्राचीही उतरवणी, तपासणी आणि जोडणी करावी लागते. पुन्हा वापरता येणाऱ्या नव्या अग्निबाणापुढे तो खर्च जड वाटू लागला. अमेरिकेत मिनोटॉर सरकारी कामांसाठी अधूनमधून उडतो. चीनमध्ये 'क्वाइझोऊ' हा घन इंधनाचा अग्निबाण व्यावसायिक उड्डाणे करतो, आणि त्याचे नाते 'डीएफ-२१' क्षेपणास्त्राशी असल्याचे अभ्यासक सांगतात. पण तो वंशाचा प्रकार, रूपांतराचा नव्हे.

जे अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न येऊ घातलेल्या साठ्याचा. अमेरिका आपली 'मिनटमन-३' क्षेपणास्त्रे बदलणार आहे. सुमारे चारशे तैनात आहेत. ती निघतील तेव्हा १९९८ चा कायदा पुन्हा चर्चेला येईल. तोवर घन इंधनाचे वय किती झालेले असेल, त्याला तडे गेलेले असतील का, हा तांत्रिक प्रश्न वेगळाच.

दुसरा, करारांचा. अमेरिका-रशियातल्या 'न्यू स्टार्ट' या पुढच्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. मोजणी आणि पाहणीची ती चौकट नसताना जुन्या क्षेपणास्त्राचे उड्डाण उपग्रहासाठी आहे की सरावासाठी, हे कोण तपासणार? पहिल्या भूमिकेचा 'शस्त्र कमी होते' हा दावा त्या पाहणीवर उभा होता.

तिसरा, जबाबदारीचा. १९७२ च्या दायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार. पण नुकसान म्हणजे काय? मातीत मुरलेले हेप्टिल, समुद्रात बुडालेला टप्पा, किंवा नुसती एका गावाची घाबरगुंडी? आणि सोडणारा देश, बनवणारा देश नि भाडे देणारी कंपनी वेगवेगळ्या असतील तर?

चौथा प्रश्न हिशेबाचा, आणि मला वाटते तो बाकीच्या तिघांच्या मुळाशी आहे. अवकाश संस्थेच्या वहीत उड्डाण स्वस्त पडते. लष्कराच्या वहीत साठवणुकीचा खर्च वाचतो. नव्या कंपनीच्या वहीत ग्राहक जातो. इन्युइट शिकाऱ्याच्या वहीत समुद्र बिघडतो. प्रत्येक वही आपापल्या जागी खरी आहे, म्हणून चारही भूमिका टिकून राहिल्या. त्या एकत्र बांधून बेरीज केलेली कुठे दिसत नाही. २००९ च्या त्या अभ्यासात पाण्याचा आकडा आहे. तो आणणाऱ्या रॉकोटचा टप्पा कुठे पडला, ही नोंद दुसऱ्या वहीत असते.

लाडबोरीचे कडे पडले तेव्हा इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. गावकऱ्यांचा पहिला प्रश्न साधा होता: हे कोणाचे? त्या एका कड्याचे उत्तर काही दिवसांत मिळाले. बाकीच्या वह्यांवर मात्र मालकाचे नाव अजून चढायचे आहे.